एक घास, एक पाऊल मागं

कातळाच्या मधोमध तो काळा गोल दिसतोय ना, तिथं चूल मांडतात. आणि त्याच्याभोवती, बरोबर एका पावलावर, दगड झिजून जी उथळ खाच पडलीय, ती माणसांच्या पायांनी पडलीय. अहो दादा, फोटो नंतर काढा, आधी त्या खाचेत उभे राहा. पुढं नाही, मागं. कढईला चिकटून उभं राहिलेलं या गावात चालत नाही. आज तुमचं जेवण इथंच आहे आणि ते ताटात मिळणार नाही. एक चमचा घ्यायचा, एक पाऊल मागं यायचं, दुसऱ्याला जागा द्यायची. असं का, ते मिगास होईपर्यंत सांगते.

मिगास म्हणजे काय, ते आधी कळू दे. शिळा पाव. हो हो, शिळाच! नाकं मुरडू नका. रात्री पावाचे पातळ काप काढायचे, मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचे. सकाळी ऑलिव्हच्या तेलात सालासकट लसूण, धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड आणि मग तो पाव. पुढं नुसतं हलवत राहायचं, पाऊण तास, कालथा थांबता कामा नये. फोडणीची पोळी खाल्लीय ना लहानपणी? तिचीच ही मावसबहीण समजा. सोबत गार द्राक्षं. डुकराचं तळलेलं मांस वेगळ्या ताटात ठेवलंय, तेव्हा शाकाहारी मंडळींनी जीव घाबरा करून घेऊ नये. आणि या चामड्याच्या पिशवीत गावची लाल वाइन आहे. तिला तोंड लावायचं नाही, हात लांब करून वरून धार सोडायची. आपण तांब्या उष्टा न करता पाणी पितो की नाही, तसं. शर्टावर सांडलं तर सांडू दे, इथं त्याला कुणी हसत नाही. म्हणजे हसतात, पण प्रेमानं.

मी मूळची आजऱ्याची. लग्न करून स्पेनमधल्या या दोनशे माणसांच्या नावाल्तेरात आले, त्याला बावीस वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात शिळ्या पावाची न्याहारी बघून मी मागच्या अंगणात जाऊन रडले होते. आज विचाराल तर या मातीनं मला जे खाऊ घातलं, त्यासाठी मी रोज हात जोडते. मेंढीच्या दुधाचं चीज, निखाऱ्यावरचे चेस्टनट, शेजारणीनं न सांगता दाराशी ठेवलेली टोमॅटोची टोपली. आणि ही गोष्ट. ती माझ्या सासूबाईंनी मला या कातळावर उभं करून सांगितली, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. खरीखोटी मार्तिनबाबाला ठाऊक. ते पलीकडं चाळीस पावलांवर दगडी देऊळ दिसतंय ना, ते त्याचंच. संत मार्तिन. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा फाडून देणारा.

तर असं सांगतात की तीनेकशे वर्षांपूर्वी या माळावर हजार मेंढ्यांचा कळप असायचा आणि त्याच्यामागं बारा मेंढपाळ. उन्हाळा या डोंगरावर काढायचा आणि पहिला बर्फ पडायच्या आत कळप घेऊन दक्षिणेच्या कुरणांकडं चालत निघायचं. तीन आठवड्यांची वाट, नद्या, लांडगे, सगळं आलं त्यात. कळपाचा मालक लांब शहरात. इथं शब्द चालायचा तो म्होरक्याचा, दोमिंगोचा. माणूस कडक, पण खोटा नव्हता.

या बारा जणांसाठी रांधायचा तो एक गडी वेगळा. त्या उन्हाळ्यात तो तापानं गेला आणि त्याची बायको मागं राहिली. तिचं नाव कासिल्दा. पोरबाळ नाही, माहेर उरलेलं नाही. दोमिंगोनं तिला सांगितलं, "दक्षिणेला निघेपर्यंत तू रांध. पुढचं पुढं बघू." बाईमाणसानं कळपाबरोबर राहून रांधायचं हे त्या काळी कुणी ऐकलं नव्हतं. पण कासिल्दाच्या हाताला चव होती. सकाळी तिचा लसूण तेलात पडला की पार खालच्या ओढ्यापासून माणसं भराभर वर यायची, म्हणे. त्या चवीवरच तिची भाकरी होती, आणि हे तिला पुरतं माहीत होतं.

त्या वेळी खायची पद्धत साधी होती. कढई खाली उतरवली की बाराही जण तिच्यावर तुटून पडायचे. खांद्याला खांदा, कोपराला कोपर, चमच्यावर चमचा. ज्याचा हात चपळ त्याचं पोट भरलं. कासिल्दा शेवटी जेवायची. सगळे उठून गेले की तळाला राहिलेली खरवड काढायची आणि कढई घासायला घ्यायची. तिला त्यात वावगं काही वाटायचं नाही. रांधणारी शेवटी जेवते, यात नवल काय?

त्या बारा जणांत सगळ्यांत म्हातारा एलादिओ. त्याला मागंपुढं कुणी नव्हतं. पण मेंढीच्या पाठीवरून नुसता हात फिरवून तिला काय होतंय ते सांगायचा. हजारांतली कुठली घंटा चिरलीय ते आवाजावरून ओळखायचा. बोलणं कमी, मान मात्र ताठ.

शरद ऋतू लागला तसा एलादिओ वाळायला लागला. गालफडं बसली, पट्टा दोन भोकं आत गेला. कासिल्दानं पाहिलं, पण तिला वाटलं म्हाताऱ्याचे दात गेले असतील. म्हणून तिनं पावावर पाण्याचा हबका जरा जास्त मारायला सुरुवात केली, मऊ व्हावं म्हणून. झालं! मिगासचे गोळे झाले. सुटसुटीत दाणा जाऊन नुसता लगदा. मेंढपाळांनी बोंब मारली. एकानं तर विचारलं, "कासिल्दा, हे आम्हाला की डुकरांना?" आणि एलादिओ काही लगदा खाऊनही अंग धरेना.

मग एके दिवशी काय झालं, की द्राक्षांचा घड रोजच्या जागी न ठेवता कुणीतरी वीतभर पलीकडं सरकवून ठेवला. एलादिओनं हात पुढं केला आणि रिकाम्या दगडावर मूठ मिटली.  मग कातळावरची धूळ झटकल्यासारखं करून त्यानं हात मागं घेतला. घड त्याच्या डोळ्यांसमोर होता. कासिल्दा बघतच राहिली. त्या सकाळी तिनं त्याच्या चमच्यावर नजर ठेवली. गर्दीत तो चमचा कढईत जायचा, कुणाच्या तरी चमच्यावर आपटायचा, कडेच्या लोखंडावर खरडायचा आणि कोरडाच वर यायचा. एलादिओ तो तोंडाशी न्यायचा आणि चावायचा. काहीच नसताना चावायचा, चारचौघांनी बघावं म्हणून.

आई गं!  माणूस भरल्या कढईपाशी उपाशी मरत होता आणि लाजेखातर दात हलवत होता.

आता करायचं काय? दोमिंगोला सांगावं, तर तो म्हाताऱ्याला मागं ठेवणार. त्याचंही चुकलं नसतं. नद्या ओलांडायच्या, लांडग्यांच्या रानातून जायचं, आणि मालकाचा हुकूम होता की धडधाकट माणूसच न्यायचा. मागं राहिलेल्या एलादिओला खालच्या शहरातल्या निराधारांच्या घरात टाकलं असतं. मेंढ्यांचा आवाज नाही, वारा नाही, भिंतीकडं तोंड करून बसायचं. तो चार दिवस जगला नसता. ताटात वेगळं वाढावं, तर कळपात वेगळं वाढून घेणारा तो आजारी, आणि आजाऱ्याला खाली पाठवायचं हा नियमच होता. एकदा तिनं गुपचूप त्याच्या झोळीत पाव आणि चीज घातलं. दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं तिच्या पिठाच्या पोत्यावर ठेवलेलं सापडलं.  त्याला कढईतलंच हवं होतं, बाकीच्यांसारखं.

तीन दिवस कासिल्दा नुसती जळत होती. चौथ्या दिवशी सकाळी सगळे कढईवर वाकले तेव्हा तिनं कालथा आडवा धरला.

"थांबा," ती म्हणाली. "माझा माणूस गेला तेव्हा मी मार्तिनबाबाला नवस बोलले होते. त्याच्या आत्म्याला शांती मिळू दे, माझ्या कढईतून कुणी धक्काबुक्की करून खाणार नाही. सगळे एक पाऊल मागं उभे राहतील. मी काठावर कालथा वाजवीन, तिथं एकानं पुढं यायचं, एक घास घ्यायचा आणि मागं जायचं. मग दुसऱ्यानं."

नवस धडधडीत खोटा होता. ती असलं काही बोलली नव्हती. नवरा गेला तेव्हा तिला रडण्यापलीकडं काही सुचलंच नव्हतं. पण मेलेल्या माणसाचं आणि संताचं नाव एकदम आल्यावर कोण काय बोलणार? दोमिंगोनं भुवया उंचावल्या आणि मागं सरला. टण, कालथा वाजला. पहिला पुढं आला, घास घेतला, मागं गेला. टण, दुसरा. एलादिओची पाळी आली तेव्हा कासिल्दानं कालथ्यानं मिगासचा चांगला उंच ढीग त्याच्या बाजूला लोटला आणि त्याच्या बरोबर समोर कालथा वाजवला. म्हातारा आवाजाच्या रोखानं एक पाऊल पुढं आला. चमचा भरून वर गेला. या वेळी त्यानं खरंच चावलं.

दिवस जात राहिले. एलादिओच्या गालांवर मांस चढायला लागलं. पण कासिल्दाचा जीव थाऱ्यावर नव्हता. संताच्या नावानं खोटं बोललीस, कासिल्दा, आता शिक्षा होणार, असं तिचं मन तिला खायचं. आणि शिक्षा काय होणार हेही तिनं ठरवून टाकलं होतं. हाताची चव जाणार. दुसरं होतंच काय तिच्याकडं घेण्यासारखं? रोज सकाळी मिठासाठी पहिला दाणा जिभेवर ठेवताना ती डोळे मिटून घ्यायची. चव लागली की, "आजचा दिवस दिलास रे बाबा," म्हणायची.

इकडं मेंढपाळांची कुरकुर वाढली. एकेक घास घ्यायचा, पाळीची वाट बघत उभं राहायचं, तोवर मिगास गार. "जेवायला आलोय की मिरवणुकीला?" असं एक जण रोज विचारायचा. निघायच्या आदल्या दिवशी माळावर असा बोचरा वारा सुटला की तिसऱ्या फेरीलाच तेल गोठायला लागलं. दोमिंगोनं चमचा पट्ट्यात खोचला.

"कासिल्दा," तो म्हणाला, "नवस बोललीस तर खुंटीवर काय टांगलंस?"

आता हे समजून घ्या, की इथल्या रीतीप्रमाणं मार्तिनबाबाला नवस बोलणाऱ्यानं आपली रोजच्या वापरातली एक वस्तू देवळातल्या खुंटीवर टांगायची असते. खूण नाही तर नवस नाही.  कासिल्दा कालथा कढईत घालून नुसती हलवत राहिली.

"चल तर, बघूच," दोमिंगो म्हणाला. "खुंटी रिकामी निघाली तर उद्या तू आमच्याबरोबर येणार नाहीस. संताच्या नावानं खोटं बोलणाऱ्या बाईच्या हातचं माझी माणसं खाणार नाहीत."

सगळे निघाले. चाळीसच पावलं, पण कासिल्दाला ती संपेनात. तिला स्वतःचं काही वाटत नव्हतं, असं नाही. वाटत होतं. पण त्याहून जास्त हे वाटत होतं, की उद्यापासून परत सगळे कढईवर तुटून पडणार आणि त्या म्हाताऱ्याचा चमचा परत कोरडा वर येणार. एलादिओ सगळ्यांच्या मागून, पायांनी वाट चाचपत येत होता.

देवळात खुंट्यांची रांग होती. एका खुंटीवर कुणाच्या बाळाचा बूट, एकीवर खेचराची घंटा, एकीवर कुणा मुलीची कापून ठेवलेली वेणी. आणि शेवटच्या खुंटीवर एक चमचा.

दोमिंगोनं तो खाली काढला. त्याच्याबरोबर कोळ्याचं जाळं तुटून आलं. वर धुळीचा थर होता. चमचा कालपरवाचा नव्हता, चांगला महिनाभर तिथं टांगलेला होता. दोमिंगोनं धूळ पुसली आणि दांडा उजेडाकडं धरला. दांड्यावर तीन खाचा कोरल्या होत्या. प्रत्येक मेंढपाळ आपला चमचा आपल्या हातानं लाकडातून कोरतो, खूण ज्याची त्याची. ही खूण त्या माळावर पोरंटोरंही ओळखायची.

"हा तर एलादिओचा," दोमिंगो म्हणाला.

 कासिल्दा भिंतीला टेकली.

एलादिओ दारातून आत आला. गप्प राहिला असता तर निभावून गेलं असतं. चमचा हरवला होता, पोरांनी टांगला असेल, काहीही सांगता आलं असतं. पण मग कासिल्दा खोटी ठरली असती. म्हाताऱ्यानं टोपी काढली.

"मला दिसत नाही, दोमिंगो," तो म्हणाला. "दोन वर्षं नजर कमी होत होती, या उन्हाळ्यात पुरती गेली. या पोरीला ते कळलं आणि तिनं माझ्यासाठी नवसाचं नाव केलं. त्या सकाळी तिचा आवाज असा कापत होता की मला तेव्हाच समजलं. आणि कालथा सगळ्यांसमोर टण वाजायचा, माझ्यासमोर टणटण! मी काय बहिरा आहे?"

कुणी हसलं नाही. सगळे टोप्या हातात घेऊन उभे होते.

"म्हणून त्याच दिवशी मी इथं आलो," एलादिओ म्हणाला. "माझा चमचा टांगला, जेवायला दुसरा कोरून घेतला आणि बाबाला म्हटलं, ही पोर माझ्यासाठी खोटं बोललीय. तिनं जे सांगितलं ते मी आता खरोखर बोलतो. नवस आजपासून खरा. खोट्याचं पाप माझ्या माथी मार आणि पुण्य तिच्या पदरात घाल. तेव्हा तिला काही बोलू नकोस. मला खाली शहरात पाठवायचं असेल तर पाठव."

कासिल्दा ढसाढसा रडली. महिनाभर ती ज्या भीतीनं झुरत होती, ते ओझं पहिल्याच दिवशी कुणीतरी तिच्या डोक्यावरून उतरवून ठेवलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

दोमिंगोनं चमचा परत खुंटीवर टांगला. "नवस खरा आहे," एवढंच बोलला आणि बाहेर पडला. सगळे कातळावर परत आले. त्यानं विझत आलेला जाळ फुंकून मोठा केला आणि कढई परत चुलीवर चढवली. मिगास नीट तापल्यावर त्यानं कासिल्दाच्या हातातला कालथा काढून घेतला. ती चपापली. कालथा हातातून गेला म्हणजे काम गेलं, असं तिला वाटलं.

दोमिंगोनं काठावर टण केलं.

"कासिल्दा," तो म्हणाला, "पुढं ये."

तिला कळेना. बाराही जण एक पाऊल मागं उभे होते. चमच्यांना हात कुणी लावला नव्हता. ती पुढं झाली. इतकी वर्षं नवऱ्याच्या मागं आणि आता स्वतः रांधून तिनं खाल्लं होतं ते उरलेलं, गारढोण, तळाचं खरवडलेलं. मिठासाठी चाखणं वेगळं आणि जेवणं वेगळं. तिनं घास घेतला. लसूण, तेल, ती धुराची मिरची, वरून एक गार द्राक्ष. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"तिखट लागलं का गं?" कुरकुर करणाऱ्यानंच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "गरम आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे दोमिंगोनं निघायच्या आधी माणसं मोजली आणि बारा म्हणून सांगितलं. एलादिओच्या हातात खेचराचा दोर दिला आणि त्याला मधे घेतलं; कासिल्दाही कढई घेऊन बरोबर निघाली. मालकाला कुणी कळवलं नाही. त्यानंतर एलादिओ सात वर्षं दक्षिणेला गेला आणि आला, म्हणे. कासिल्दा तर म्हातारी होईपर्यंत या कढईवर होती, आणि तिच्या हाताची चव शेवटपर्यंत गेली नाही.

आजही नावाल्तेरात कढई उतरली की सगळे एक पाऊल मागं उभे राहतात. कुणाचा चमचा कोरडा आला हे कुणी विचारत नाही, कारण तो कोरडा येतच नाही. आणि आजही पहिला घास रांधणारीचा असतो. तो तिनं आपणहून घ्यायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी कालथा तिच्या हातातून काढून घ्यायचा, वाजवायचा आणि तिला बोलवायचं.

सासरी आल्यावर पहिल्या सणाला मिगास मी केले होते. करपलेले, वर गोळे गोळे झालेले. सासूबाईंनी कालथा माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी काठावर टण केलं आणि म्हणाल्या, "पुढं ये." आजूबाजूला सासरे, दीर, नवरा, सगळा गाव मागं उभा. माझ्या आईला मी जन्मात कधी गरम जेवताना बघितलं नव्हतं हो. तो करपका घास मी गरम गरम खाल्ला आणि चमचा चाटून मगच मागं आले.

चला, पाव सुटा झाला, रंग आला. मिगास तयार आहेत. घ्या कुणीतरी हा कालथा माझ्या हातातून. मला भूक लागलीय.